शेऱ्याखालचा शेरा

दाऊदभाईंनी माझ्याशी पहिलं भांडण हिंदीत केलं आणि दुसरं मराठीत, तेही लेखी.

पहिलं चपलांवरून झालं. मी तेव्हा नुकतीच कऱ्हाडहून दोह्याला मुलाकडे आले होते. मुलगा मंदार रास लफानला, गॅसच्या प्लँटवर. पाळी असली की दिसायचा नाही आणि नसली की झोपलेला दिसायचा. सून ऑफिसला. बिन महमूद भागातल्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर मी, एसीचा आवाज आणि दुपारनंतर नात ऋचा. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत सांगायचं, असा आमचा संवाद. तिला शाळेतून सांगितलेलं, एखादं जुनं घर बघून या आणि दहा ओळी लिहा. शेजारीण म्हणाली, समुद्राकाठच्या रस्त्यामागे गलबतवाल्या शेटचं घर आहे, तिथं न्या.

हे शेट म्हणजे इथलेच अरब. मोत्यांचे व्यापारी, स्वतःची गलबतं असलेले. घरातली माणसं केव्हाच नव्या बंगल्यात राहायला गेली आणि घराची डागडुजी करून ते लोकांना बघायला खुलं केलं. तिकीट नाही, रांग नाही. नुसतं आत जायचं. निदान मला तसं वाटलं.

दारात एक किडकिडीत माणूस उभा. मेंदीनं लाल झालेली दाढी, जाळीची टोपी, खाकी शर्ट, आणि अनवाणी. मला म्हणाला, "शूज खलास."

"क्या खलास?"

"शूज. पाँव में से. खलास."

"क्यूँ? ये मंदिर है?"

"घर है. मैं आपके घर में चप्पल डालके आयेगा तो चलेगा?"

"आप मेरे घर कायको आयेगा?"

"तो आप इसके घर कायको आया?"

ऋचा "आजी, प्लीज!" करत माझा पदर ओढत होती. शेवटी चपला काढल्या. पण मधलं अंगण उघडं, फरशी तापून तव्यासारखी झालेली. मी टुणटुण उड्या मारत अंगण ओलांडलं, आणि हा माणूस मागून विचारतोय, "दरवाजा ठीक से देखा? नहीं देखा! सीधा अंदर भागा!"

भागणार नाही तर काय? पाय भाजत होते माझे!

निघताना आतल्या ओसरीवर टेबलावर एक जाडजूड वही दिसली. नाव, गाव, फोन, शेरा. मला इतका संताप आलेला की मी मुद्दाम मराठीत लिहिलं, म्हणजे वाचणारं कुणी नाही आणि मन तर मोकळं होईल. "घर छान. माणूस उद्धट. प्यायला पाण्याची सोय नाही. सुमन, कऱ्हाड, हल्ली बिन महमूद." पुढे फोन नंबरसुद्धा ठोकून दिला.

महिन्याभरानं पुण्याची नणंद आली. तिला काहीतरी दाखवायचं म्हणून परत तिथंच गेले. दारातल्या माणसानं मला ओळखलं. आत गेला, वही घेऊन आला, एक पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवून उभा राहिला. माझ्या शेऱ्याखाली निळ्या शाईत, चांगलं दाबून लिहिलेलं:

"पाणी माठात होतं. मराठीत मागितलं असतंत तर ग्लास विसळून दिलं असतं. तुमची हिंदी फार वाईट आहे. उद्धट माणूस: दाऊद, बाणकोट खाडी."

"अहो, तुम्ही मराठी?"

"मग काय चिनी?" दाऊदभाई म्हणाले. "अर्धा तास माझ्याशी हिंदीत भांडलात. मना वाटलं भोपाळच्या असाल."

मना म्हणजे मला. त्यांची बोली खाडीकाठची. जातीनं कोकणी मुसलमान, धंद्यानं सुतार. वाडवडील गलबतं बांधायचे. गावात शाळा एकच, मराठी, म्हणून अक्षर मराठी. घराच्या डागडुजीला सुतार म्हणून आले, काम संपलं, बाकीचे पांगले आणि यांना तिथंच ठेवून घेतलं. कागदावर हुद्दा फराश, म्हणजे झाडणारा, चहा देणारा. पण स्वतःला ते फराश मानत नव्हते. त्यांच्या मते शेट सफरीवर गेलेत आणि परत येईपर्यंत घर यांच्यावर सोपवलंय. शेट वारून कैक वर्षं झाली, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ते फक्त मान्य नव्हतं.

त्यांचा जीव होता तो पुढच्या दरवाज्यावर. दोन पुरुष उंचीचा, सागवानी, आणि त्याच्यातच माणसानं वाकून जाण्यापुरती दिंडी. सगळ्या दारावर कोरलेली फुलं. घराचा कारभार बघणाऱ्या ऑफिसनं दिलेलं परदेशी पॉलिश दाऊदभाईंनी कपाटात कुलपात ठेवलेलं. दर गुरुवारी ते दाराला खोबरेल लावायचे, फडक्यानं, फुलाफुलाच्या खाचेत बोट घालून. सगळ्या देवडीत नुकतीच न्हालेली बाई उभी असल्यासारखा वास. मी म्हटलं, "दाऊदभाई, दाराला खोबरेल?" तर म्हणाले, "केसाला चालतं तर लाकडाला का नाय? लाकूड मलबारचं हाय. त्याला माहेरचा वास नको?"

आणि रागावणं! देवा रे देवा. मी आयुष्यात रागीट माणसं पुष्कळ बघितली, पण त्यांचा राग येतो आणि जातो. दाऊदभाईंचा राग नोकरीला असल्यासारखा रोज वेळेवर हजर. कुणी भिंतीला टेकलं की राग. कुणी शेटच्या पितळी खिळ्यांच्या पेटाऱ्यावर बसलं की राग. कुणी गच्चीवर न जाताच परतलं की सगळ्यात जास्त राग, कारण शेट त्या गच्चीवरून आपली गलबतं परत येताना बघायचे. "समुद्र बगायला माणूस वर चढायचा, आन् ही लोकं एसी नाय म्हणून खालूनच जातात!" आणि दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न, ज्याला जी भाषा येत असेल तिच्यात. मला मराठीत: "पाह्यलंत की बगितलंत?"

पाहणं वेगळं आणि बघणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. डोळे उघडे असले की पाहणं आपोआप होतं. बघायला थांबावं लागतं.

पण खरी गंमत त्या वहीत होती. तोंडानं बोलून राग पुरा होत नसे, म्हणून पाहुणे गेले की दाऊदभाई प्रत्येक शेऱ्याखाली उत्तर लिहायचे. मराठीत. कुणाला वाचता येत नाही, म्हणजे बिनधास्त. ऋचाला मी पुढे दर शुक्रवारी संध्याकाळी घेऊन जायला लागले. ती वरचं इंग्रजी वाचून सांगायची, मी खालचं मराठी, आणि आम्ही दोघी तोंडाला रुमाल लावून हसायचो. नातीनं माझ्या तोंडचं मराठी इतकं कान देऊन पहिल्यांदाच ऐकलं असेल.

कुणी लिहिलेलं, घर सुंदर आहे पण फार उकडतं. खाली: "ऑगस्टात आलात. शेट ऑगस्टात कधी घरात नसत, मोत्यांच्या हंगामाला समुद्रावर असत. त्यांना कळत होतं."

कुणी लिहिलेलं, इथं एक कॅफे हवा. खाली: "तुमच्या घरात आहे?"

कुणी लिहिलेलं, स्वच्छतागृह उत्तम. त्याखाली तर पेन कागदातून आरपार गेलेलं: "एवढा दरवाजा, एवढं छत, एवढी गच्ची, आणि या माणसानं संडास बघितला."

एक पाहुणा स्पेनच्या उत्तरेकडचा, बास्क मुलखातला. त्यानं मोठ्या प्रेमानं लिहिलेलं की आमच्या गावातही एका जहाजमालकाचं असंच जुनं घर लोकांना खुलं आहे, इथं आल्यावर त्याची आठवण झाली, फक्त तिथं बूट काढावे लागत नाहीत. खाली दाऊदभाई: "तुमच्या शेटना माझा सलाम सांगा. बूट काढून सांगा."

एका लहान मुलानं लिहिलेलं, मला बोट आवडली. खाली: "बोट नव्हे, गलबत. तरी शाबास."

असं वर्षभर चाललं. मग एक दिवस घरी फोन आला. त्या घराचे साहेब बोलत होते. म्हणाले, मॅडम, तुमच्या नावापुढे हा नंबर आहे आणि आमच्या वहीत तुमच्या शेऱ्याच्याच लिपीतलं लिखाण पानापानावर आहे. ते काय आहे ते वाचून सांगायला येता का?

कुणीतरी मोठा पाहुणा दुसऱ्यांदा आलेला, त्याला आपल्या जुन्या शेऱ्याखाली भलतंच काही लिहिलेलं दिसलं, आणि त्यानं विचारलं की हे काय. कुणालाच सांगता येईना. दाऊदभाईंना विचारलं तर ते म्हणाले, "जवाब." कसला जवाब? "सवाल देखो, समझ में आयेगा." झालं. साहेबांना वाटलं शिव्याच असणार.

मंदार म्हणाला, "आई, तू कशाला मध्ये पडतेस? व्हिसा रद्द करून घरी पाठवतील त्याला, आणि तू तिथं साक्षीदार." मी म्हटलं, म्हणूनच जाते. रागीट माणूस म्हणून कुणाला घरी पाठवायचं ठरवलं तर निम्मं दोहा रिकामं होईल.

साहेब तरुण, पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या अरबी झग्यातले. हिंदी त्यांच्या घरच्या ड्रायव्हरकडून शिकलेले, त्यामुळे मला 'तुम' म्हणायचे आणि गाडीला 'आप'. पण वागायला सभ्य. वहीत जागोजागी चिठ्ठ्या घातलेल्या. दाऊदभाई कोपऱ्यात उभे. मी त्या वरच्या खोलीत शिरताना हळूच म्हणाले, "वैनी, हाय तसं वाचा. मी खोटं कायबी लिवलेलं नाय."

हेच तर माझं दुखणं होतं!

पहिली चिठ्ठी नेमकी संडासाची. मी चष्मा पुसला. "ये लिखा है," मी म्हटलं, "आपका बहुत बहुत शुक्रिया."

"असं नाय लिवलंय," कोपऱ्यातून आवाज.

"ये क्या बोलता है?" साहेबांनी विचारलं.

"बोलता है, फिर से आना."

दुसरी चिठ्ठी कॅफेची. "ये लिखा है, आपका विचार अच्छा है."

"वैनी! 'अच्छा' कुठं दिसला तुमाला त्यात? तीन शब्द हायत!"

"दाऊदभाई, गप्प बसा," मी दात आवळून मराठीत म्हटलं, "तुमची नोकरी वाचवतेय मी."

"नोकरी वाचवा, पण माझा शेरा कशाला बिगडवता?"

आता या माणसाला काय म्हणावं? मी त्याला वाचवायला खोटं बोलतेय आणि तो माझ्या तर्जुम्यात चुका काढतोय! साहेब एकदा माझ्याकडे बघत, एकदा त्यांच्याकडे. मग त्यांनी शेवटची चिठ्ठी उघडली. म्हणाले, "ये छोड़ो. ये बोलो. ये हर जुमा को सेम लिखा है. सेम. सेम. कौन है?"

नावाच्या रकान्यात लिहिलं होतं: जैनब दाऊद, बाणकोट खाडी. त्या पानावरही, मागच्या पानावरही, दर शुक्रवारी. अक्षर दाऊदभाईंचंच. आम्ही नेहमी नव्या पानांवरचे राग वाचून हसून परत यायचो. अलीकडची पानं सोडून मी कधी मागं गेलेच नव्हते, आणि अलीकडच्या पानांवर ही ओळ नेहमी तळाला, बारीक. शेरा असा: "आज छताचं ऐकलं. दोऱ्यांनी बांधलंय म्हणता, खिळा एकही नाही. मग ते घर नव्हे, गलबतच उलटं केलंय." दुसरा: "गच्चीवर वारा असेल. शेटच्या बायकोला वर येऊ देत होते का, ते लिहा."

आणि प्रत्येक शेऱ्याखाली, जिथं बाकी सगळ्यांना झोडपलेलं, तिथं एकच ओळ, हलक्या हातानं लिहिलेली: "या. सावकाश बघा. चपला राहू द्या पायात, फरशी तापली आहे."

मी ते साहेबांना हिंदीत सांगितलं. एक अक्षर इकडंतिकडं केलं नाही. या खेपेला कोपऱ्यातून आवाज आला नाही.

"ये औरत आती है इधर?" साहेबांनी विचारलं.

हो म्हणायला मी तोंड उघडलंच होतं. माझी बहीण आहे, दर शुक्रवारी येते, इथपर्यंत मनात तयार होतं. पण दाऊदभाई पुढे आले. म्हणाले, "नहीं साब. कभी नहीं आई. मेरी औरत है. काग़ज़ में आती है."

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या हुद्द्याच्या माणसाला बायको आणायची परवानगी नव्हती, नियमच तसा. मला विचाराल तर मला त्याचा अजून राग येतो. कागदावर फराश लिहिलं की त्या माणसाला घर झाडता येतं, घर राखता येतं, पण बायकोला ते घर दाखवता येत नाही. दोन वर्षांतून एकदा रजा. फोनवर जैनब बोलायची नाही, कारण गावात फोन दुकानात आणि सगळे कान लावून उभे. म्हणून पत्रं. शाळेत ती दाऊदभाईंच्याच वर्गात. तिचा पहिला नंबर, हे नापास. दाऊदभाई पत्रातून घर दाखवायचे, ती पत्रातून बघायची, आणि तिचं पत्र आलं की त्यातली एक-दोन वाक्यं ते शुक्रवारी वहीत उतरवायचे.

"लेकिन वो गेस्ट नहीं है," साहेब म्हणाले. "हम गिनती ऊपर भेजता है. ये झूठ हो गया."

तेव्हा दाऊदभाईंचा राग मी पहिल्यांदा खराखुरा बघितला. आवाज चढला नाही. म्हणाले, "साब, मैंने उसको दरवाजे के फूल का काग़ज़ भेजा. ऊपर काग़ज़ रखके पेन्सिल घिसके. पूरा एक पट्टी. मैंने लिखा, सब फूल को आठ पंखुड़ी है. उसका जवाब आया: नीचे से तीसरा फूल में सात है, तुम ठीक से देखो. मैं इधर हर गुरुवार तेल लगाता है, साब. उँगली डाल के. मेरे को नहीं दिखा. उसको गाँव में दिखा." मग वहीवर बोट ठेवलं. "जो आता है वो देखता नहीं, वो गेस्ट है. जो नहीं आई और देखती है, वो झूठ है?"

साहेब उठले, खाली गेले. आम्ही मागोमाग. दारापाशी त्यांनी झगा सावरला, उकिडवे बसले आणि खालून तिसऱ्या फुलावर बोट ठेवून अरबीत मोजायला लागले. सातावर बोट थांबलं. परत पहिल्यापासून मोजलं. परत सात.

तुम्हाला वाटेल, आता साहेब विरघळले. छे! वर येऊन त्यांनी हुकूम सांगितला. दाऊदची नोकरी राहील. पण दाऊदनं वहीला पेन लावायचं नाही, एका अक्षराचंही. आणि मग पट्टी घेऊन, माझ्या डोळ्यांदेखत, जैनबच्या एकेका ओळीवर त्यांनी तांबडी रेघ मारली. किती सरळ रेघ! मला वाटलं ती पट्टी घ्यावी आणि... जाऊ दे. गिनती बरोबर झाली एकदाची.

"मुका केला मना," दाऊदभाई खाली आल्यावर म्हणाले. संडासाबद्दल नव्हे, कॅफेबद्दल नव्हे. ते कशाबद्दल म्हणत होते ते मला कळलं.

तो आठवडा मी घरात धुसफुसत होते. पोळ्या लाटतानासुद्धा. मंदार म्हणाला, आई, पोळपाट तुटेल. आणि शुक्रवारी सकाळी देवापुढचा डबा आवरताना कऱ्हाडच्या देवळातली अभिषेकाची जुनी पावती हाताला लागली. माझ्या सासूबाईंना गुडघ्यामुळे देवळाच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, तेव्हा अभिषेक त्यांच्या नावाचा आणि देवळात जायचे मी. पावतीवर लिहिलेलं: त्यांचं नाव, आणि पुढे 'हस्ते सुमन'.

म्हणजे देवाच्या दारात चालतं की!

संध्याकाळी गेले. चपला काढल्या, नेहमीच्या उड्या मारत अंगण ओलांडलं, घर बघितलं, वहीपाशी आले. दाऊदभाईंना म्हटलं, "जैनबचं नवीन पत्र काढा." आणि माझ्या अक्षरात लिहिलं: 'जैनब दाऊद, बाणकोट खाडी. हस्ते सुमन.' खाली तिचं वाक्य. आता म्हणा खोटं! माणूस हजर आहे, पायांनी आलाय, गिनतीत एक आहे. शेरा कुणाचा लिहायचा ते माझं मी बघेन.

साहेबांनी पुढच्या आठवड्यात विचारलं, ये क्या? मी सांगितलं, "हाथ मेरा, आँख उसकी." ते त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "इन्शाल्ला." याचा अर्थ हो नाही आणि नाहीही नाही. पट्टी मात्र परत निघाली नाही.

उत्तर लिहायला दाऊदभाईंना बंदी होतीच. म्हणून मी शेरा मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि ते दाराकडे तोंड करून म्हणायचे, "या. सावकाश बगा. चपला राहू द्या." मग माझ्याकडे वळून, "तुमी नाय. तुमच्या कुठं हायत चपला? त्या आत आणू नका." पाच वर्षं! पाच वर्षं मी त्या फरशीवर भाजले, त्या बाईच्या वतीनं, आणि मला एकदाही सूट नाही.

मग माझेही गुडघे बोलायला लागले, सासूबाईंसारखेच. कऱ्हाडला परत जायचं ठरलं. शेवटच्या शुक्रवारी गेले तर दाऊदभाईंनी पत्र काढलं, पण देईनात.

"आज राहू दे वैनी. आज कायबी खास नाय त्यात."

"आज शेवटचं आहे. द्या इकडं."

दिलं. डाव्या हातानं. पत्र लहानसंच होतं. जैनबनं लिहिलेलं: "दोन महिने झाले, तुमचं अक्षर बदललंय. काना वाकडा येतो, वेलांटी सुटते. हाताला काय झालंय? कुणाला तरी हात दाखवा आणि त्यांनाच लिहायला सांगा. तुमच्यावर माझा विश्वास नाही."

मी मान वर केली. दाऊदभाईंचा उजवा हात खिशात.

आणि मग मला एकेक आठवायला लागलं. दोन महिने ते वही डाव्या हातानं पुढे करत होते. तेलाचं फडकं डाव्या हातात. माठातलं पाणी डाव्या हातानं दिलं तेव्हा मी मनात म्हटलंसुद्धा होतं, काय ही रीत! दर शुक्रवारी मी दोन हातांवर समोर उभी. मी पाहिलं होतं. बघितलं त्या बाईनं, समुद्रापलीकडून, एका वेलांटीत.

"काढा हात," मी म्हटलं.

"कशाला? दिंडी जरा जोरात लागली. वाऱ्यानं."

"काढा म्हणते ना! जगाला बघा बघा म्हणून ओरडता, आणि स्वतःचा हात झाकून ठेवता? लाज नाही वाटत?"

त्यांनी हात काढून टेबलावर ठेवला. चोरानं मुद्देमाल ठेवावा तसा. मधली दोन बोटं वाकडी जुळलेली, वळत नव्हती. नखं काळी. तळव्याला खोबरेल. "साबला कळलं तर म्हणतील, सुताराला बोटं नाय, आता जा," ते म्हणाले. "आन् तिला कळलं तर ती म्हणेल, आता या. दोगंबी घरी जा म्हणायला लागली तर दरवाज्याला कोण?"

मी चष्मा नीट केला, वाकले, आणि नीट बघितलं. वेळ घेऊन. मग वहीत जैनबचा शेरा उतरवला, हस्ते सुमन, आणि त्याखाली, जिथं पेन लावायला त्यांना बंदी होती पण मला नव्हती, तिथं उत्तर लिहिलं:

"उजव्या हाताची मधली दोन बोटं दारात सापडून वाकडी झाली आहेत. हाड जुळलंय, पण चुकीचं. पेन धरता येतं, वळवता येत नाही. बाकी माणूस धड आहे. रागीट आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा घरी यायला हवा, असं माझं मत. बघून लिहिलं आहे. सुमन."

तोच मजकूर एका कागदावर उतरवून पर्समध्ये ठेवली, कऱ्हाडहून पोस्टात टाकायला.

दाऊदभाईंनी वही फिरवून वाचलं. दोनदा. भुवया वर गेल्या. "'रागीट' खोडा."

"खोडणार नाही."

"तुमचं मत कुणी विचारलंय? हे शेऱ्याचं बुक हाय!"

"म्हणूनच लिहिलं."

ते काहीतरी सणसणीत बोलणार होते, मला दिसत होतं. पण त्यांनी वही मिटली, हात परत खिशात घालायला गेले आणि मध्येच राहिले. तो तसाच वहीवर ठेवला, उघडा.

मी निघाले. अंगणाशी येऊन पदर खोचला, उड्या मारायला तयार झाले. एवढ्यात दाऊदभाई लगबगीनं पलीकडे गेले, दाराशी काढलेल्या माझ्या चपला डाव्या हातानं उचलल्या, अंगण ओलांडून आणल्या आणि माझ्या पायांपुढे नीट, जोडीनं ठेवल्या.

"घाला, वैनी," ते म्हणाले. "फरशी तापली हाय."